कोरियन कलेचे दालन आणि कारागिराचे नाव

आंतरराष्ट्रीय व्यापारात मालाची जी वर्गवारी चालते, तिच्या ९७व्या प्रकरणात कलाकृती येतात. हाताने काढलेली चित्रे, मूळ मुद्राचित्रे, मूळ शिल्पे आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू असे त्यात गट आहेत. त्याच प्रकरणाच्या टिपांमध्ये एक अट घातलेली आहे: व्यापारी स्वरूपाची पारंपरिक कारागिरी, मग ती कलावंताने स्वतः घडवलेली का असेना, मूळ शिल्पांच्या गटात धरता येत नाही. सोलहून लंडनला किंवा न्यूयॉर्कला मातीचा घट पाठवणाऱ्या कलादालनाची या अटीशी गाठ ठरलेली असते. पेटीतला घट शिल्प आहे की भांडे, हे माल हलण्यापूर्वी लिहून द्यावे लागते आणि त्यावर पुढचे कर व कागदपत्रे ठरतात. समकालीन कोरियन चित्रकार आणि कारागीर यांना एकत्र मांडणारे दालन चालवायचे, तर कलेसंबंधीचा सर्वांत जुना वाद असा जकातीच्या दारात येऊन उभा राहतो. तो तिथे उभा राहतो हे एका परीने बरेच, कारण तिथे गुळमुळीत उत्तर चालत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत कोरियन कलेला वाहिलेली लहानमोठी दालने कोरियाबाहेर अनेक शहरांत निघाली आहेत. त्यांची मांडणी आता ओळखीची झाली आहे. भिंतीवर एकरंगी चित्र, त्याच्यासमोर लाकडी बाकावर पांढरा घट, कोपऱ्यात शिंपल्याच्या जडावाची काळी पेटी, आणि शांतता, निसर्ग, संयम या शब्दांभोवती फिरणारे निवेदन. हे सारे डोळ्यांना सुखावणारे असते आणि त्याला गिऱ्हाईकही मिळते. माझा आक्षेप त्या सुखाला नाही. या मांडणीत चित्र हे मुख्य पात्र असते आणि घट, पेटी, कापड ही त्याची पार्श्वभूमी असते, हा माझा आक्षेप आहे. 'कोरियन' हा शब्द सर्वांत जास्त वापरला जातो तो या पार्श्वभूमीसाठीच. अशा दालनाने देश विकण्याचे काम दूतावासांवर आणि पर्यटन मंडळांवर सोडावे. स्वतः मात्र घडवणाऱ्या माणसांची नावे उभी करावीत आणि चित्रकाराला जे जे मिळते ते कारागिरालाही मिळेल असे पाहावे: किंमत ठरवण्याची समजण्याजोगी पद्धत, एकट्याचे प्रदर्शन, अभ्यासकाने लिहिलेले पुस्तक, विक्रीची नोंद आणि पंधरा-वीस वर्षांचा पाठपुरावा. हे झेपत नसेल तर घरसजावटीच्या वस्तूंचे दुकान काढावे. तो धंदाही सचोटीने करता येतो, पण मग त्याला कलादालन म्हणू नये.

या वादात ज्या वस्तूचे नाव हमखास निघते, ती जोसन राजवटीतल्या पांढऱ्या चिनी मातीची गोल बरणी, म्हणजे जग जिला 'मून जार' म्हणते ती, जरा जवळून पाहण्यासारखी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकापर्यंत अशा बरण्या प्रामुख्याने सोलजवळच्या ग्योंगी प्रांतातील ग्वांगजू येथील सरकारी भट्ट्यांत घडल्या. त्यांची उंची चाळीस सेंटीमीटरच्या वर जाते. एवढा मोठा गोल त्या मातीत चाकावर एका दमात उचलला तर तो आपल्याच वजनाने बसतो. म्हणून कुंभार दोन खोलगट वाडगे वेगवेगळे काढतो, ते थोडे सुकू देतो, एक दुसऱ्यावर पालथा घालतो आणि काठाला काठ जोडतो. भाजताना हा सांधा किंचित खचतो किंवा सरकतो, त्यामुळे बरणीचे पोट कोणत्याही दोन बाजूंनी सारखे दिसत नाही. बाहेरून सांधा घासून काढलेला असला तरी आत हात घातला की बोटांना त्याची कड लागते. हा डौल ठरवून आणलेला की मातीने लादलेला, याचे उत्तर कुंभारानुसार बदलते. आजचा क्वोन दे-सुप यांच्यासारखा कुंभार तो सांधा राखतो तेव्हा तो निर्णय असतो, आणि जिथे निर्णय आहे तिथे कर्ता आहे. समोरच्या भिंतीवरच्या चित्रकाराने ब्रश कुठे थांबवला यावर पानेच्या पाने लिहिली जातात, मग कुंभाराने सांधा कुठवर घासला यावर दोन ओळी तरी हव्यात.

आधुनिक कोरियन चित्रकलेने स्वतः हा भेद कधी फारसा मानला नाही. किम ह्वान-गी यांनी या बरण्या हौसेने जमवल्या, त्या वारंवार रंगवल्या, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये ठिपक्यांची प्रचंड अमूर्त चित्रे काढली. त्यांपैकी १९७१चे निळे चित्र २०१९ साली हाँगकाँगच्या लिलावात दहा कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेले. ली जुंग-सप यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कोरियन युद्धाच्या काळात कॅनव्हास परवडत नसल्याने त्यांनी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागदावर टोकदार हत्याराने रेषा कोरल्या, वर रंग फासला आणि पुसून घेतला. रंग फक्त खाचेत उरला. जोसनच्या आधीच्या गोर्यो काळातील हिरवट भांड्यांवर नक्षी कोरून तिच्यात वेगळ्या रंगाची माती भरण्याची जी रीत होती, तिच्याशी याचे नाते उघड आहे. १९५६ साली हा चित्रकार सोलच्या इस्पितळात विपन्नावस्थेत मरण पावला. त्याच सुमारास त्याची अशी तीन चित्रे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात दाखल झाली होती.

मग चित्र वर आणि भांडे खाली ही उतरंड आली कुठून? तिचा एक मोठा भाग वसाहतवादी प्रदर्शन-व्यवस्थेतून आला. १९२२ साली जपानी राजवटीने कोरियात दरवर्षी भरणारे सरकारी कलाप्रदर्शन सुरू केले. विभाग, परीक्षक आणि बक्षिसे ठरवणारी ही यंत्रणा चित्रकाराला प्रतिष्ठा देत होती. कारागिरीचा विभाग तिथे १९३२ साली आला, तोही सुलेखनाला बाहेर काढून. ज्या समाजात अक्षर, चित्र आणि भांडे एकाच विद्वानाच्या बैठकीत नांदत होते, तिथे ही खातेवाटणी बाहेरून आली आणि स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत मुरली. आजची दालने जो 'परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम' घडवल्याचे सांगतात, तो संगम होण्याआधी कोणीतरी दोन प्रवाह वेगळे केले होते, हे त्यांच्या निवेदनात सहसा येत नाही.

या ठिकाणी यानागी सोएत्सु यांचे नाव टाळता येणार नाही. जपानी लोककला चळवळीच्या या प्रणेत्याने कोरियन भांड्यांवर मनापासून प्रेम केले. ग्वांगह्वामुन हा राजवाड्याचा दरवाजा पाडण्याच्या जपानी बेताला त्याने जाहीर विरोध केला आणि १९२४ साली ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलेचे संग्रहालय उभे केले. एवढे करणाऱ्या माणसावर टीका करताना जपून बोलावे लागते. तरीही त्याच्या दोन कल्पना आजवर उपद्रव देत आहेत. कोरियाच्या पांढऱ्या रंगात आणि वाहत्या रेषेत दुःख आहे, ही पहिली. उत्तम वस्तू निनावी कारागिराच्या हातून, जवळजवळ त्याच्या नकळत घडते, ही दुसरी. पहिल्या कल्पनेवर कोरियन अभ्यासकांनी पुढे कडक टीका केली, कारण जिंकलेल्या लोकांच्या कलेत जेत्याला शोकच दिसावा हे फार सोयीचे असते. दुसरी कल्पना मात्र आजही आदराने उगाळली जाते. जोसन काळातील सरकारी भट्टीवरच्या कुंभाराला नाव नव्हते, कारण त्याच्या श्रमावर दरबाराचा हक्क होता. त्याच्या निनावीपणातून नम्रतेचे तत्त्वज्ञान काढणे हा त्याच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे. आजचे दालन जेव्हा 'कोरियन हस्तकला' एवढ्या शब्दांवर वस्तू खपवते, तेव्हा ते याच तत्त्वज्ञानाचा धंदेवाईक अवतार चालवत असते.

नाव उभे करणे म्हणजे काय, हे पाहायचे तर सोलच्या दालनांचाच इतिहास पुरेसा आहे. १९५०च्या दशकात बांदो हॉटेलात एक छोटे दालन होते आणि त्याचे ग्राहक मुख्यतः अमेरिकन होते. पार्क सू-गन यांच्यासारखा चित्रकार तेव्हा अमेरिकन लष्कराच्या दुकानात सैनिकांची व्यक्तिचित्रे काढून घर चालवत असे. पार्क म्योंग-जा या १९६१ साली त्या बांदो दालनात कामाला लागल्या आणि १९७० साली त्यांनी सोलच्या इनसादोंग भागात स्वतःचे दालन उघडले. तीच आजची गॅलरी ह्युंदाई. (मोटारींच्या कंपनीशी तिचे फक्त नाव जुळते.) दोन वर्षांत त्यांनी ली जुंग-सप यांचे मरणोत्तर मोठे प्रदर्शन भरवले. हयातीत उपेक्षा वाट्याला आलेल्या चित्रकाराचे काम शोधणे, मालकांकडून मिळवणे, त्याची यादी करणे आणि लोकांपुढे ठेवणे हे काम तेव्हा कोणत्याही सरकारी संस्थेआधी एका खासगी दालनाने केले. भिंती भाड्याने देणारी दालने त्या काळी इनसादोंगमध्ये पुष्कळ होती. मुंबईच्या जहांगीरमध्ये आठवड्याच्या बोलीवर प्रदर्शन लावणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकारांना ती पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. भाड्याच्या भिंतीला कोणाच्याच पुढच्या आयुष्याशी देणेघेणे नसते. पार्क म्योंग-जा यांनी ते देणेघेणे पत्करले.

दुसरे उदाहरण दानसेकह्वाचे, म्हणजे कोरियन एकरंगी चित्रांच्या प्रवाहाचे. १९७०च्या दशकात कोरियन चित्रकारांच्या एका पिढीने रंग थोडा, क्रिया पुष्कळ अशी चित्रे काढली. कोणी ओल्या रंगावर पेन्सिलीने पुन्हापुन्हा रेघा ओढल्या, कोणी कागद फाडला, भोसकला. चित्रकार हा चोंग-ह्यून यांनी धान्याच्या गोणपाटाच्या मागून रंग दाबून पुढे काढला. १९७५ साली टोकियो गॅलरीने पाच कोरियन चित्रकारांच्या पांढऱ्या चित्रांचे प्रदर्शन भरवले, आणि पांढरा रंग व कोरियन मन यांची यानागींनी घातलेली सांगड त्यामुळे पुन्हा जिवंत झाली. पुढची कित्येक वर्षे जागतिक बाजाराला या चित्रांची विशेष दखल घ्यावीशी वाटली नाही. २०१२ साली राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयाने मोठे प्रदर्शन केले. २०१४ साली ली ह्युन-सूक यांच्या कुक्जे गॅलरीने सोलमध्ये आणि ब्लम अँड पो या दालनाने लॉस एंजलिसमध्ये, अभ्यासकांचे लेखन हाताशी धरून, ही चित्रे मांडली. पुढच्याच वर्षी व्हेनिस बिएनाले या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाच्या काळात ती तिथे पोहोचली. किमती चढल्या, संग्रहालये खरेदीला आली. यात बाजाराचा डाव होता असे म्हणणारे आहेत आणि ते सर्वस्वी खोटे बोलत नाहीत. पण त्या डावाने एक सिद्ध केले. संग्रहालय, अभ्यासक आणि दालन यांनी नेट लावला तर ऐंशी वर्षांच्या चित्रकाराचेही मोल नव्याने ठरू शकते. एवढा नेट कोणत्याही एका कुंभारासाठी किंवा लाखकाम करणाऱ्यासाठी आजवर लावला गेलेला मला दिसलेला नाही.

या यशाची किंमतही मोजावी लागली. दानसेकह्वाची चित्रे पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीत काढली गेली, आणि त्यांतले बरेच चित्रकार तेव्हा गप्प होते. १९८०मध्ये दक्षिणेकडच्या ग्वांगजू शहरात लष्कराने उठाव चिरडला. त्यानंतरच्या मिन्जुंग, म्हणजे जनसामान्यांच्या, कलाचळवळीतील चित्रकारांनी या गप्पपणावर कठोर टीका केली. तो राग विझलेला नाही. २०२३ साली ग्वांगजू बिएनालेने दानसेकह्वाचे आघाडीचे चित्रकार पार्क सो-बो यांच्या नावाने सुरू केलेला एक लाख डॉलरचा पुरस्कार कलावंतांच्या निषेधामुळे महिन्याभरात गुंडाळावा लागला. परदेशातल्या दालनांत मिन्जुंगचे काम क्वचित दिसते. ते भडक आहे, त्यात माणसे ओरडतात, आणि ते बैठकीच्या खोलीत शोभत नाही. गंमत अशी, की कारागिरीचा खरा वारसा त्या चळवळीनेच उघडपणे सांगितला होता. ओह यून यांची लाकूडठशाची चित्रे मुखवटानाट्य, बौद्ध चित्रे आणि लोकछपाई यांतून उभी राहिली आहेत. कारागिरीवर प्रेम असल्याचे सांगणाऱ्या दालनात ती नसतील, तर ते प्रेम कारागिरीवर आहे की नुसते पांढऱ्या रंगावर, हे विचारायलाच हवे.

अर्थात सगळी शांत चित्रे गप्प नसतात. यून ह्योंग-कन यांनी १९५०मध्ये सामूहिक हत्याकांडातून जेमतेम जीव वाचवला. १९७३ साली, ज्या शाळेत ते शिकवत तिथे गैरमार्गाने दिलेल्या एका प्रवेशावर त्यांनी प्रश्न विचारला आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. सुटून आल्यावर, पंचेचाळिशीत, त्यांनी मातकट तपकिरी आणि गडद निळा एवढेच दोन रंग घेऊन कच्च्या कापडावर काळे पडत जाणारे उभे पट्टे ओढायला सुरुवात केली. १९८०च्या ग्वांगजूनंतर ते पट्टे कलले, एकमेकांवर कोसळू लागले. अशा चित्राखाली 'ध्यानमग्न' असे लिहून ते विकणारे दालन चित्रकाराची फसवणूक करते, आणि ग्राहकाचीही.

आता कागदाकडे वळतो. पार्क सो-बो यांनी १९८०च्या दशकापासून हानजी, म्हणजे कोरियन हातकागद, भिजवून त्याचे थर लावले आणि ओल्या लगद्यात रेषा नांगरल्या. क्वोन योंग-वू यांनी तोच कागद फाडला. चुन क्वांग-योंग जुन्या पुस्तकांच्या कागदात थर्माकोलचे त्रिकोणी तुकडे पुड्यांसारखे बांधून त्यांचे डोंगर रचतात. लहानपणी नातलग वैद्याच्या छताला टांगलेल्या औषधाच्या पुड्यांची त्यामागे आठवण आहे. या चित्रांचे माध्यम 'कॅनव्हासवर हानजी' असे छापले जाते. तो कागद होतो कसा? पाने गळाल्यावर, थंडीत, कागदी तुतीच्या फांद्या तोडतात, वाफवून साल सोलतात, वरची काळी साल खरवडून आतला पांढरा भाग राखेच्या पाण्यात उकळतात, धुतात, कुटतात. मग कुंडातल्या पाण्यात भेंडीच्या कुळातील एका झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस मिसळतात, म्हणजे तंतू तळाशी बसत नाहीत. जुन्या पद्धतीत चाळणीची चौकट एका दोरीला टांगलेली असते. कारागीर ती एकदा पुढेमागे आणि मग आडवी हलवतो, त्यामुळे तंतू उभेआडवे गुंफले जातात आणि कागद कोणत्याही एका दिशेने सहज फाटत नाही. पार्क सो-बो यांच्या रेषा ज्या लगद्यात टिकल्या तो असा तयार झालेला असतो, ऐन हिवाळ्यात, बर्फासारख्या पाण्यात हात घालून. चित्रकाराने कोणाच्या कुंडातला कागद वापरला हे माध्यमाच्या ओळीत लिहायला दालनाला काहीही खर्च येत नाही. मुद्राचित्राच्या कोपऱ्यात छापखान्याचा ठसा असतोच, आणि त्याने चित्रकाराचे श्रेय घटल्याचे कोणी ऐकलेले नाही. हाच नियम यीसूक्योंग यांच्या फुगीर, गाठाळ शिल्पांनाही लावता येईल. इचोनच्या कुंभारांनी नापसंत म्हणून फोडून टाकलेल्या भांड्यांचे तुकडे सोन्याने सांधून त्या ती रचतात. ती कल्पना निःसंशय त्यांची आहे. पण फोडणाऱ्या कुंभाराची नजर, म्हणजे काय टाकायचे हे ठरवणारी कसोटी, हाही त्या शिल्पाचा कच्चा माल आहे.

कारागिरांची काळजी सरकार घेते, दालनाने त्यात का पडावे, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. कोरियाने १९६२च्या कायद्यानुसार परंपरागत कौशल्याच्या धारकांना मान्यता आणि मासिक मानधन द्यायला सुरुवात केली आणि अनेक विद्या त्यामुळेच वाचल्या. घोड्याच्या केसांच्या व बांबूच्या पारदर्शक टोपीचे काम १९६४ सालीच राष्ट्रीय वारशात नोंदवले गेले. परंतु या व्यवस्थेने दीर्घकाळ मूळ रूप जसेच्या तसे राखण्याची अट घातली. २०१६ पासून लागू झालेल्या कायद्याने ती सैल केली, तोवर दोन पिढ्यांना नवे काही करणे म्हणजे मान्यता धोक्यात घालणे वाटत होते. वारसा राखणे हे सरकारचे काम आहे. वारशातून कोणीतरी वेगळीकडे निघाले तर त्याच्या पाठीशी उभे राहणे हे दालनाचे. जेजू बेटाशी जोडलेल्या त्याच टोपीच्या विणीतून जंग दा-हे यांनी घोड्याच्या केसांच्या पोकळ, सावलीसारख्या टोपल्या विणल्या आणि २०२२ साली लोएवे फाउंडेशनचा कारागिरीचा पुरस्कार मिळवला. त्या वर्षी अंतिम फेरीतले काम सोलच्याच नव्या हस्तकला संग्रहालयात मांडले होते. हे संग्रहालय २०२१ साली उघडले. संग्रहालय आहे, पुरस्कार आहेत, १९९९ पासून चोंगजूला कारागिरीचे द्वैवार्षिक प्रदर्शनही भरते. यांच्या मधल्या काळात, म्हणजे पुरस्काराचा गाजावाजा ओसरल्यावरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, कारागिराचे घर कशावर चालते, हा प्रश्न उरतो आणि तो दालनाचा आहे.

तेव्हा पैशांविषयी स्पष्ट बोलावे. दालन आणि कलावंत विक्रीचे पैसे निम्मेनिम्मे वाटून घेतात, ही जगभरची रीत आहे. ब्राँझचे शिल्प असेल तर ओतकामाचा खर्च बहुधा आधी वजा होतो आणि उरलेल्याची वाटणी होते. कुंभाराच्या बाबतीत माती, लाकूड, भट्टी आणि भट्टीत फुटलेले, वाकलेले घट हा सगळा खर्च त्याच्या निम्म्यातून जातो. तो कारागिराचा नेहमीचा खर्च समजला जातो, निर्मितीचा नाही. मोठी बरणी भाजताना किती हाती लागतील याची शाश्वती नसते, आणि जी शाबूत निघाली तिच्या किमतीत न निघालेल्यांचा हिशेब असायला हवा. ओतकामाची रीत भट्टीला लावली तर हा अन्याय एका कलमाने दूर होईल. किंमत ठरवण्याचेही तसेच. कोरियात चित्रांचे भाव दीर्घकाळ 'हो' या मापावर बोलले जात आले आहेत. एक हो म्हणजे साधारण पुस्तकाच्या पानाएवढा कॅनव्हास, आणि चित्रकाराचा होमागे काय दर आहे हे बाजाराला ठाऊक असते. पद्धत ओबडधोबड आहे, कलेचा असा वारावर हिशेब करणे हास्यास्पदही आहे, पण तिच्यामुळे चित्रकाराच्या वाढत्या वयाबरोबर भाव वाढतो आणि तो सहसा मागे हटत नाही. लाखेच्या पेटीला असे माप नाही. लाखेचा प्रत्येक हात दमट, उबदार कपाटात वाळवावा लागतो, घासावा लागतो, पुन्हा द्यावा लागतो. यात महिने जातात. ग्राहक मात्र तिची तुलना दुसऱ्या पेटीशी करतो, शेजारच्या चित्राशी नाही. ही तुलना मोडणे हेच दालनाचे कसब. त्यासाठी पेटी मेजावर चार वस्तूंत न ठेवता एकटी मांडावी लागते, तिच्या मागच्या दहा वर्षांच्या कामासकट.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप असा, की कारागिरी स्वस्त विकली जाते, भाडे मात्र चित्राच्या हिशेबाने भरावे लागते. चार कुंभारांची प्रदर्शने केली की दालन बंद पडेल. आक्षेपात तथ्य आहे. चित्रांच्या नफ्यावर कारागिरीची प्रदर्शने काही वर्षे चालवावी लागतील, आणि दालन चालवणाऱ्याने ते मान्य करूनच उघडावे. पण चित्रांचा तो आधारही दिसतो तितका भक्कम नाही. सोलमध्ये २०१६ साली पेरोतां, २०१७ साली पेस आणि लेमन मॉपिन, २०२१ साली थाडेउस रोपाक, २०२३ साली व्हाइट क्यूब अशी बडी परदेशी दालने आली आणि २०२२ पासून फ्रीझ हा कलामेळा दर सप्टेंबरात तिथे भरू लागला. लहान दालनाने दहा वर्षे सांभाळलेला चित्रकार नाव होताच या बड्यांकडे जातो, आणि जाणाऱ्याला दोष देता येत नाही. कारागिरीत ही शर्यत अजून एवढी तीव्र नाही. तिथे लहान दालनाला ज्ञान, नाते आणि काळ यांच्या जोरावर खरोखर काही उभारता येते. धर्मादाय म्हणून नव्हे, धंदा म्हणूनही मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

राहिला 'कोरियन' हा शब्द. तो पूर्णपणे टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. अनोळखी शहरात पहिले दहा ग्राहक त्याच शब्दाने येतात, सरकारी अनुदानही त्याच्याच नावाने मिळते. मात्र अनुदानाबरोबर राजनैतिक वर्धापनदिनांचे वेळापत्रक येते, आणि दालनाचा कार्यक्रम हळूहळू सांस्कृतिक शिष्टमंडळासारखा दिसू लागतो. शिवाय चांगला कलावंत या शब्दात मावत नाही. किमसूजा यांनी जुन्या कोरियन रजयांची गाठोडी बांधली, तोवर हा शब्द पुरत होता. पुढे त्या दिल्लीसह जगातल्या मोठ्या शहरांच्या गर्दीत पाठमोऱ्या, निश्चल उभ्या राहिल्या, आणि २००७-०८मध्ये त्यांनी मुंबईच्या धोबीघाटावर, वस्त्यांत आणि गर्दीत चित्रीकरण करून चार पडद्यांची दृश्यकृती केली. कापड तेच, धुणाऱ्याचे श्रमही त्यांच्या सुईइतकेच त्यांच्या विषयाचे. ही कृती मुंबईकराला बरेच काही सांगते. तिला कोरियन कला म्हणून सादर केले तर तो तिच्याकडे परक्याच्या कुतूहलाने पाहील. ज्या दालनाला आपल्या कलावंताचे असे बाहेर जाणे अडचणीचे वाटते, त्याने दारावरची पाटी बदलण्याचा विचार करावा.

हे सगळे शेवटी कागदावर उतरले पाहिजे. कोरियाच्या २०२३च्या कलासंवर्धन कायद्याने पुनर्विक्रीतील हिस्सा कलावंताला देण्याची तरतूद केली असून ती २०२७ मध्ये अमलात यायची आहे. असा हक्क मागायला आधी ही वस्तू अमक्याने अमक्या साली केली, अमक्याला विकली, हे दाखवावे लागते. चित्रकारांच्या बाबतीत दालनांकडे छायाचित्रांसह अशी वही असते, कारण बनावट चित्रांच्या प्रकरणांनी सोलच्या बाजाराला ती ठेवायला भाग पाडले. २०१६ साली ली उफान यांच्या नावावरच्या चित्रांवरून झालेला गदारोळ सर्वांच्या लक्षात आहे. घटांची आणि पेट्यांची वही फार थोड्यांकडे आहे. पावतीवर 'पांढरा घट, एक' असे लिहून दिलेली वस्तू वीस वर्षांनी लिलावात दहापट भावाने गेली, तर तिचा कुंभार कोणत्या पुराव्यावर आपला हिस्सा मागणार? ती पावती आज ज्याच्या हातून फाडली जाते त्या दालनचालकाने तिच्यावर कुंभाराचे नाव, भट्टीची तारीख आणि घटाच्या तळाचे छायाचित्र जोडायला आजपासून सुरुवात करावी; त्यासाठी त्याला कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही.